इंदूरला पहिल्यांदा येताय? घड्याळ इंदूरचं लावा

दर महिन्या-दोन महिन्यांनी पुण्या-नाशकाकडून कुणाचा तरी फोन येतोच. "आत्या, शनिवार-रविवार इंदूरला येतोय. काय काय खायचं, कुठे जायचं, यादी पाठव ना." यादी मी पाठवत नाही. यादी घेऊन आलेली माणसं रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ्यात भर दुपारी जातात आणि सोन्याची दुकानं बघून परत येतात. एप्रिलमध्ये गराडू, म्हणजे थंडीतच मिळणारा तळलेला कंद, मागतात. मे महिन्यात पाताळपाणीच्या धबधब्याला गाडी काढतात आणि कोरड्या कड्यासमोर फोटो काढून येतात. इंदूरमध्ये जे जे चांगलं आहे ते आपापल्या वेळेला चांगलं आहे. पोह्यांची वेळ वेगळी, सराफ्याची वेगळी, गाण्याची वेगळी, धबधब्याची तर अगदीच वेगळी. तेव्हा खाली ठिकाणं येतीलच, पण लक्ष वेळेकडे द्या.

आधी महिना ठरवा

पावसाळा आणि हिवाळा हे इंदूरचे दोन खरे मोसम. जुलै ते सप्टेंबर माळवा हिरवागार असतो, धबधबे चालू असतात आणि कोवळी कणसं आलेली असतात, म्हणजे भुट्ट्याचा कीस ताजा. याच दिवसांत गणपती येतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री इथे झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, निघतात. हुकुमचंद, मालवा, स्वदेशी, राजकुमार, कल्याण या कापड गिरण्यांच्या कामगारांनी ही परंपरा वाढवली. गिरण्या कधीच्या बंद पडल्या, पण झांक्या अजून निघतात. रात्रभर रस्ते जागे असतात आणि लहान मुलं बापाच्या खांद्यावर बसून बघतात. मला इंदूर सगळ्यात जास्त आवडतं ते या रात्री.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडी, गराडू आणि गाण्याचे कार्यक्रम. पहिल्यांदाच येणाऱ्याला मी डिसेंबर सुचवते. धबधब्यासाठीच यायचं असेल तर ऑगस्टचा शेवट.

रंगपंचमीला यायचं असेल तर तयारीनं या. होळीनंतर पाचव्या दिवशी राजवाड्याच्या परिसरात गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते. होळकरांच्या काळापासूनची प्रथा आहे असं सांगतात. टँकरमधून मोटर लावून रंगाचं पाणी तीन-चार मजले उंच उडवतात, गुलालानं आकाश दिसेनासं होतं आणि लाखो माणसं त्या चिंचोळ्या रस्त्यांवर असतात. टाकाऊ कपडे घाला, मोबाइल दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवा, केसांना तेल लावा. चष्मा असेल तर दोरी बांधा. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर रस्त्यावर उतरू नका. ओळखीच्या कुणाची गॅलरी मिळाली तर तिथूनच बघा.

उन्हाळ्याला लोक घाबरतात आणि दुपारी ते बरोबरच आहे. पण माळव्याची रात्र उन्हाळ्यातही निवते. "सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा" हे जुनं बोलणं उगाच रूढ झालेलं नाही. पठार साडेपाचशे मीटर उंच आहे, सूर्य गेला की वारा सुटतो. मे महिन्यात आलातच तर दिवसा झोपा आणि रात्री बाहेर पडा.

पोचणं आणि उतरणं

मुंबईहून अवंतिका एक्सप्रेस सोयीची. संध्याकाळी बसलात की सकाळी इंदूर. नाशिक-धुळ्याकडून आग्रा रोडनं सेंधव्यावरून गाडीनं येता येतं. विमानतळ शहराच्या पश्चिमेला, जवळच आहे.

उतरायची जागा निवडताना एकच बघा, रात्री बारा-एक वाजता सराफ्यातून परत यायला सोपं पडेल का. राजवाडा, एम.जी. रोड, पलासिया या पट्ट्यात कुठेही चालेल. स्वतःची गाडी असेल तर ती हॉटेलवर राहू द्या, राजवाड्याच्या आसपास रिक्षा किंवा ई-रिक्षाच करा. तिथल्या गल्ल्यांत पार्किंग शोधण्यात अर्धी संध्याकाळ जाते.

राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग, नारायणबाग या भागांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी वस्ती आहे. तिथे दुकानदाराशी बिनदिक्कत मराठीत बोला. आमच्या मराठीत हिंदी मिसळलेली ऐकू येईल, "भिया", म्हणजे भाऊ, तर कुणालाही म्हणतो आम्ही. पण समोरचा मराठी माणूस पुण्याहून आलाय म्हटल्यावर चौकशी होतेच, आणि चांगल्या पोह्यांचा पत्ता अशा चौकशीतूनच मिळतो.

कचऱ्याचं मात्र आधीच सांगते. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिल्या रांगेत आहे ते लोकांनी मनावर घेतलं म्हणून. ओला-सुका वेगळा, रस्त्यावर कागदाचा कपटासुद्धा नाही. द्रोण हातात घेऊन डबा शोधत चार पावलं चालावं लागलं तर चाला. रस्त्यावर टाकलात तर दंड होईल न होईल, शेजारचं शाळकरी पोर तुम्हाला नक्की टोकेल.

सकाळी सात ते दहा: पोहे-जिलबी

आपले कांदेपोहे डोक्यातून काढून टाका आणि मग खा. इथे कांदा बहुधा फोडणीत पडत नाही. भिजवलेले पोहे हळद, मीठ, किंचित साखर, बडीशेप घालून हलक्या फोडणीवर परततात आणि मग मोठ्या पातेल्यात ठेवतात. त्या पातेल्याखाली दुसऱ्या भांड्यात पाणी उकळत असतं. सकाळभर त्या वाफेवर पोहे मऊ राहतात, तळाला लागत नाहीत. द्रोणात घेतल्यावर वरून कच्चा कांदा, कोथिंबीर, बारीक शेव, लिंबू आणि शेवटी जिरावण.

जिरावण हा इथला मसाला. जिरं, धणे, आमचूर, काळं मीठ, हिंग, लवंग असं बरंच काही त्यात असतं, आणि प्रत्येक दुकानाचं प्रमाण निराळं. पोहेवाला डबीतून हलकेच भुरभुरवतो. पहिला घास तसाच घ्या, मग "जिरावण थोडं अजून" म्हणा. माझा भाचा पहिल्या भेटीत म्हणाला, "आत्या, हे आपल्यासारखं फणफणीत नाही." तिसऱ्या दिवशी तोच सकाळी साडेसहाला उठून बसला होता.

जिलबी पोह्यांबरोबरच मागवा, नंतर नको. एक घास पोहे, एक तुकडा गरम जिलबी. तिखट खाणाऱ्यांनी उसळ-पोहे घ्यावेत. पोह्यांवर कट असलेली झणझणीत उसळ ओततात. राजवाड्याच्या बाजूला मराठी माणसांनी चालवलेल्या जुन्या खाणावळींत ते फार चांगले मिळतात. चहा मागताना "कट" म्हणा, अर्धा कप येतो. दिवसात सहा-सात वेळा चहा होणार असेल तर हेच बरं.

साडेदहानंतर पोहे मिळतात, पण ते तळातले असतात. कुठला ठेला चांगला याची चिंता करू नका. ज्याच्यासमोर ऑफिसला निघालेली माणसं स्कूटर बंद न करता उभी असतात, तो चांगला.

दुपार जुन्या शहरात

पोहे जिरवायला राजवाड्यापासून पायी फिरा. सात मजली वास्तू, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १९८४च्या आगीत बराच भाग जळाला, नंतर तो पुन्हा उभा केला. शेजारी गोपाळ मंदिर, पुढे खान नदीकाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, दुसऱ्या बाजूला इतवारिया बाजारात सर हुकुमचंद यांचं काच मंदिर. छत, भिंती, खांब सगळीकडे काच आहे. सोमवारी बहुतेक सरकारी वास्तू बंद असतात, तेव्हा हा फेरफटका दुसऱ्या दिवशी ठेवा.

रविवार असेल तर दुपारी दाल-बाफले. बाफला म्हणजे बाटीच, पण आधी हळदीच्या पाण्यात उकडलेली आणि मग भाजलेली, त्यामुळे आतून मऊ. फोडून तुपात बुडवायचा, वर डाळ, बाजूला कढी आणि लाडू. बाफले खाल्ल्यावर दुपारचा दुसरा काही बेत ठेवू नका. घरोघरी त्यानंतर झोपायचीच पद्धत आहे, आणि त्या रात्री सराफ्याला जायचं नाही.

छप्पन आणि सराफा एका दिवशी नको

सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट हीच. नवीन पलासियातली छप्पन दुकान ही खाऊगल्ली संध्याकाळी सातला गाठायची, तिथे पोट भरायचं आणि दहाला सराफ्यात जाऊन नुसतं बघत उभं राहायचं. माझ्याकडे आलेल्या निम्म्या पाहुण्यांचं असं झालंय. दोन वेगळे दिवस ठेवा. दोन दिवस नसतील तर छप्पन सोडा.

छप्पनला ओळीनं दुकानं आहेत आणि वाहनांना मज्जाव आहे, त्यामुळे म्हातारी माणसं, ढकलगाडीतली बाळं घेऊन जाणाऱ्यांना तीच जागा बरी. २०२० मध्ये ती सगळी नव्यानं बांधली. विजय चाट हाउसचे खोपरा पॅटिस खा. बटाट्याच्या आवरणात ओल्या नारळाचं सारण असतं. जॉनी हॉट डॉगचा हॉट डॉग म्हणजे तव्यावर शेकलेला गोल पाव आणि आत टिक्की किंवा आम्लेट. अंड्याच्या पावाला इथे बेंजो म्हणतात.

आता सराफा. राजवाड्याच्या मागच्या या गल्लीत दिवसभर सोन्या-चांदीचा व्यवहार चालतो. रात्री आठ-साडेआठला शटर पडायला लागतात आणि त्याच पायऱ्यांवर शेगड्या, कढया, पराती मांडल्या जातात. सराफांनीच खाण्याच्या ठेल्यांना बसू दिलं, रात्रभर वर्दळ राहिली की दुकानांची राखण आपोआप होते, असं जुने लोक सांगतात. सगळं शाकाहारी आहे.

मी पाहुण्यांना ज्या क्रमानं नेते तो सांगते. दुपारी चारनंतर काही खाऊ नका, अगदी चहाबरोबर बिस्किटसुद्धा नको. साडेनऊला पोचा. मंगळवार-बुधवार बघा, शनिवारी गर्दीत हात वर करून चालावं लागतं. आल्या आल्या पहिल्या ठेल्याला चिकटू नका. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चक्कर मारा, नुसती बघत. मग परत फिरा. तिघांत एक प्लेट हा नियम पाळा, एकट्यानं पूर्ण प्लेट घेतली की चौथ्या पदार्थाला पोट बंद.

सुरुवात भुट्ट्याच्या किसानं. इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. मोठी उथळ कढई आणि खाली मंद आच. कोवळी कणसं किसून तो रवाळ लगदा तुपात टाकलेला असतो. मोहरी, हिंग, हिरवी मिरची आधीच तडतडलेली. कीसवाला दुधाची धार सोडतो आणि उलथन्यानं कडेकडेनं ओढत राहतो. दूध आटतं, पुन्हा सोडतो. लगदा आधी पिठल्यासारखा पातळ, मग घट्ट, मग तूप सुटून कढईच्या कडेला मोकळा होतो. तिथेच तो बाजूला रचतो. द्रोणात दिल्यावर वर लिंबू, खोबरं, कोथिंबीर. चव एकाच घासात गोड, तुपकट आणि तिखट. आमच्या घरी आई करायची तेव्हा किसणी आम्हा मुलांच्या हातात असायची, आणि बोटं सोलली जाईपर्यंत कणीस किसायचं असा शिरस्ता होता. सराफ्यात तो वास आला की मला अजून ते स्वयंपाकघर दिसतं.

थंडीत असाल तर त्यानंतर गराडू. हा कंद कच्चा सोलताना हात खाजतात, म्हणून घरी कुणी फारसं करत नाही. तुकडे एकदा तळून ठेवतात, तुम्ही मागितलेत की दुसऱ्यांदा तळून कुरकुरीत करतात आणि लिंबू पिळून गराडूचा मसाला टाकतात. गरमच खायचा, थंड झाला की कडक होतो.

मग जोशींचा दहीवडा. वडा आणि दही घातलेला द्रोण हवेत उंच उडवून झेलायची तिथली कला आहे, आणि मसाले एकाच चिमटीत घेऊन एकेक करून भुरभुरवण्याचीसुद्धा. लोक मोबाइल घेऊन उभे असतात. तुम्हीही बघा, पण दही गार आहे तोवर खा.

साबुदाण्याची खिचडी बघून आपल्याला वाटतं, ही तर उपासाची, ही काय खायची. जरूर खा. इथे साबुदाणा वाफवून मोकळा ठेवतात आणि मागणीप्रमाणे मसाला, लिंबू, फराळी चिवडा घालून कालवून देतात. आपल्या दाण्याच्या कूटवाल्या खिचडीशी तिचं नातं फक्त नावाचं.

गोडाला जलेबा. एकच जिलबी, पण ताटाएवढी. वजनावर मिळते, चौघांत अर्धी पुष्कळ. मावाबाटी गुलाबजामच्या घराण्यातली, पण आत सुक्या मेव्याचं सारण, एक दोघांत पुरते. शेवटी शिकंजी. लिंबू-पाण्याची शिकंजी विसरा. इंदूरची शिकंजी आटवलेल्या दुधाची, केशर-वेलची घातलेली, दाट असते. ती शेवटीच घ्या, नाहीतर बाकी सगळं राहून जातं.

पैसे मोबाइलवरून सगळीकडे चालतात, तरी थोडी सुटी रोकड जवळ ठेवा. गर्दीत नेटवर्क अडतं.

गाणं ऐकायला आलात तर

इथे रोज संध्याकाळी तिकीट काढून बसावं असा गाण्याचा कार्यक्रम नसतो. म्हणून बरेचजण न ऐकताच जातात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. माळव्याइतकं गाणं फार थोड्या मुलखांनी दिलंय. थोडी आधी चौकशी केलीत तर पुष्कळ मिळेल.

शास्त्रीय गायक अमीर खाँसाहेब (१९१२–१९७४) इथलेच म्हणायचे. वडील शाहमीर खाँ होळकर दरबाराशी जोडलेले, सारंगी आणि बीन वाजवणारे. घरी मोठमोठे कलावंत यायचे. त्या वातावरणात वाढलेल्या या माणसानं झूमरा तालाच्या अतिविलंबित लयीत, मेरुखंडाच्या म्हणजे स्वरांच्या क्रमबदलाच्या अंगानं, एकेक स्वर उलगडत नेणारं गाणं घडवलं. त्याला आज इंदूर घराणं म्हणतात. इंदूरला येताना गाडीत त्यांचा राग मारवा ऐका, आणि ऐकायचाच तर सूर्य मावळताना ऐका. त्यांच्या नावाचा समारोह मध्य प्रदेश सरकारची उस्ताद अलाउद्दीन खाँ अकादमी इथे भरवते. अशा बहुतेक सरकारी कार्यक्रमांना प्रवेश मोफत असतो, जागा आधी येईल त्याला. अर्धा तास आधी जाऊन बसा.

लताबाईंचा जन्म इथला, २८ सप्टेंबर १९२९, सिख मोहल्ल्यातला. ते घर आता घर राहिलेलं नाही, तेव्हा तिथे गल्ली बघण्यापलीकडे काही नाही. त्यांच्या नावाचा राज्य सरकारचा पुरस्कार इंदूरमध्ये दिला जातो, त्या वेळी मोठी मैफल असते. त्यापेक्षा महूच्या रस्त्यावर पिगडंबर गावात लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे, तिथे जा. एका रसिकानं आयुष्यभर जमवलेल्या तबकड्या तिथे आहेत. न कळवता जाऊ नका, आधी फोन करून वेळ घ्या. सुई टेकल्यावर तो पहिला खरखराट येतो आणि मग आवाज, तेव्हा खोलीत बोलू नये. ज्या पाहुण्यांना मी नेलं, त्यांतल्या एका काकूंचे डोळे भरून आले होते.

शहरात रवींद्र नाट्यगृह, गांधी हॉलच्या आवारातला अभिनव कला समाज, खंडवा रोडवरचं विद्यापीठाचं सभागृह या जागा लक्षात ठेवा. मराठी नाटक, नाट्यसंगीत, पाडव्याची पहाट यांसाठी सानंद न्यास. त्यांचा प्रेक्षक सभासदांचा आहे आणि प्रेक्षकांच्या समूहांना रामूभैया दाते, मामा मुजुमदार, राहुल बारपुते अशा इंदूरच्या माणसांची नावं दिली आहेत. पुण्या-मुंबईची नाटकं इथे येऊन एकापाठोपाठ एक प्रयोग करतात, ते याच श्रोत्यांसाठी. एखाद्या सभासदाची ओळख काढा, घरातला एखादा पास मोकळा असतोच. रामूभैयांच्या घरी भरणाऱ्या बैठका अजून इथली जुनी माणसं आठवतात. अरुण दाते त्यांचेच चिरंजीव, इथेच वाढलेले.

एक सकाळ देवासला द्या. पस्तीस-चाळीस किलोमीटर, तासाभरात पोचता. १९४८ मध्ये क्षयानं आजारी असलेले तरुण कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी तिथे आले. गाणं बंद होतं. पडल्या पडल्या बायकांची लोकगीतं, रस्त्यानं जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं कानांवर पडायची. बरे होऊन ते पुन्हा गायला लागले तेव्हा त्या माळवी धुना त्यांच्या गाण्यात आल्या होत्या, त्यांतून नवे रागसुद्धा उगवले. माता टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं घर आहे, भानुकुल. ते राहतं घर आहे, बाहेरून नमस्कार करून पुढे व्हा. टेकडीवर सकाळी चढा, तुळजाभवानी आणि चामुंडेचं दर्शन घ्या आणि वरून तो सपाट मुलूख शांतपणे बघा. हीच हवा खायला ते इथे आले होते.

आणि संधी मिळाली तर कबीर ऐका. माळव्याच्या गावागावांत भजनी मंडळ्या तंबुरा, मंजिरी, ढोलक घेऊन रात्रभर बसतात. प्रह्लादसिंह टिपानिया हे त्यांतलं देशभर पोचलेलं नाव, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हॉटेलच्या स्वागतकक्षात याची माहिती मिळणार नाही. देवास-उज्जैनकडच्या गावाचा रिक्षावाला भेटला तर त्याला विचारा. अशा बैठकीला गेलात तर जमिनीवर बसायची तयारी ठेवा, मध्येच उठू नका, चहा दिला तर नको म्हणू नका.

शहराबाहेर

पाताळपाणी महूच्या पुढे, शहरापासून साधारण पस्तीस किलोमीटर. धबधबा सुमारे तीनशे फुटांचा. पावसाळ्यात तो बघण्यासारखा आहे, पण कठड्याच्या आतूनच. चोरल नदीचं पाणी वर डोंगरात पडलेल्या पावसानं वाढतं, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. २०११ च्या जुलैत इथे सहलीला आलेली माणसं वाहून गेली. काही वर्षांपूर्वी आम्ही गेलो तेव्हा वरच्या खडकांवर पाच-सहा कॉलेजची मुलं पाण्यात पाय सोडून बसली होती. भुट्टे भाजणारी एक बाई अचानक ओरडायला लागली, "बाहर निकलो, पानी मैला हो गया!" आम्हाला कुणालाच काही वेगळं दिसलं नव्हतं. मुलं कुरकुरत बाहेर आली आणि थोड्याच वेळात ते खडक पाण्याखाली गेले. पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत यायला लागली की लगेच काठावर या. गावकऱ्यांनी हाक मारली तर वाद घालू नका. तिंछा आणि चोरलकडच्या धबधब्यांनाही हेच लागू.

पाताळपाणीहून कालाकुंडला मीटरगेजची हेरिटेज ट्रेन जाते. २०१८ पासून ती पर्यटकांसाठी चालवतात, पाऊस सुरू झाल्यावर, बहुधा शनिवार-रविवारी. तारखा दर वर्षी नव्यानं जाहीर होतात. साधारण दहा किलोमीटरचा घाट, बोगदे, पूल आणि खिडकीला लागणारी ओली झाडं. ही लाइन टाकायला दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं. तिकीट आधी आरक्षित करा. कालाकुंडला उतरल्यावर पानाच्या द्रोणातला कलाकंद घ्या, त्या छोट्याशा स्टेशनचं नाव त्यावर चालतं.

चढायची हौस असेल तर जानापाव. परशुरामांचं जन्मस्थान मानतात आणि चंबळेचा उगमही तिथलाच. लहान मुलांबरोबर असाल तर रालामंडल पुरे, टेकडीवर होळकरांची जुनी शिकारगाह आहे आणि चढ सोपा आहे. पक्षी बघणाऱ्यांनी हिवाळ्यात सूर्य उगवताना सिरपूर तलावावर यावं. सिरपूर आणि यशवंतसागर हे दोन्ही २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आले. सिरपूर शहराला लागून आहे, म्हणजे पक्षी बघून नऊला पोह्यांवर पोचता येतं.

मांडू की महेश्वर, हा प्रश्न हटकून येतो. दोन्ही नव्वद-शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर, दोन्ही एका दिवसात करू नका. पावसात मांडू. ढग जहाजमहालात शिरतात आणि रूपमतीच्या मंडपातून खालचा निमाड, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्याचा मुलूख, कधी दिसतो, कधी नाही. वाटेत खुरासानी चिंच विकायला असते, ती गोरखचिंचेची फळं. पाऊस नसेल तर महेश्वर. अहिल्याबाईंची राजधानी, नर्मदेचा घाट, मागांवर चाललेलं माहेश्वरी साडीचं विणकाम. तिथे मुक्काम केला तर फार बरं, कारण पहाटे घाटावर नदी आणि चार-दोन स्नान करणारी माणसं, एवढंच असतं. आपल्याकडच्या प्रत्येक घरात अहिल्याबाईंचं नाव ऐकलेलं असतं. त्यांचा वाडा बघितला की तो केवढा साधा आहे याचं नवल वाटतं.

निघताना

खरेदीला मारोठिया बाजार. जिरावण सुटं घ्या, वास घेऊन घ्या. गराडूचा मसाला वेगळा असतो, तोही थोडा. शेव रतलामी आणि लवंग दोन्ही. शेव-परमल करायला परमल, म्हणजे इथले कुरमुरे, विसरू नका. संध्याकाळी शेव, परमल, कांदा, लिंबू कालवलं की पुण्यातही जमतं. पाकिटं हवाबंद करून मागा, नाहीतर बॅगेतल्या कपड्यांना आठवडाभर हिंगाचा वास राहतो.

परतीची अवंतिका संध्याकाळी सुटते, म्हणजे शेवटच्या दिवशीची सकाळ पूर्ण हातात असते. तेव्हा पुन्हा पोहे खा, पहिल्या दिवशी खाल्ले तिथेच. पोहेवाला ओळखतो, न सांगता जिरावण जास्त घालतो. आणि शेवेचं एक पाकीट बॅगेत सगळ्यात वर ठेवा. उज्जैन यायच्या आत ते डब्यात फिरायला लागलेलं असतं.